मनावरची औषधे आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी किकवी येथे केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस. डॉक्टर नाही की प्राध्यापक नाही. जे वाचले, चार जाणकारांना विचारले, तेवढेच सांगणार आहे. समितीने विषय दिला, "सायन्स घेऊन पुढे काय?" त्यातला एकच कोपरा मी घेतो. त्याचे नाव सायकोफार्माकॉलॉजी. घाबरू नका. मनाच्या आजारावरची औषधे शरीरात जाऊन नेमके काय करतात, त्याचे हे शास्त्र.

हाच कोपरा का? तर आपल्या वस्तीत आजही कुणी रात्र-रात्र बडबडू लागला, कुणी बाई जेवणखाण सोडून कोपऱ्यात बसली, की पहिली फेरी देवऋषाकडे होते. १९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, पण अंगाऱ्याची पुडी काही घरांतून अजून गेलेली नाही. शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. ते म्हणतात, या नशेच्या गोळ्या, यांनी पाचवे शील मोडते. अहो, पाचवे शील आहे ते प्रमाद घडवणाऱ्या मद्याबद्दल. भिक्खूच्या चार गरजा कोणत्या? चीवर, भिक्षान्न, निवारा आणि चौथी आजारपणातले औषध! जीवकाला तक्षशिलेच्या गुरूने सांगितले, योजनभर फिर आणि औषध नसलेली वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परत आला आणि तीच त्याची परीक्षा झाली. हे आपल्या विनयपिटकात आहे.

आणि हे शास्त्र परक्यांचेच आहे असेही समजू नका. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्या देशात वेडावर पूर्वापार देत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तीच रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या इंग्लंडच्या मासिकात छापल्या. तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले आणि लवकरच अमेरिकेत ते मनोरुग्णांना देऊ लागले. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन आले. साखळदंडात ठेवलेली माणसे घरी जाऊ लागली ती या औषधांच्या काळात. रेसरपिन आता मागे पडले. पण परळ म्हणजे गिरणगाव! आमच्या भोंग्यांच्या आवाजात हे काम झाले, याचा मला अभिमान वाटतो.

आता पोटापाण्याचे. या विषयाची वेगळी पदवी शोधत बसू नका, बहुतेक ठिकाणी ती नाही. हा विषय फार्मसीतून, नर्सिंगमधून किंवा डॉक्टरकीतून गाठायचा असतो.

सर्वांत जवळचा दरवाजा डी.फार्मचा. बारावी सायन्सनंतर दोन वर्षे आणि वर प्रॅक्टिकल ट्रेनिंग. भोरला फार्मसी कॉलेज आहे, एसटीने जाऊन-येऊन शिकता येते. १९४८ च्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. आणि १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांसाठी वेगळी वही लागते. डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, गोळ्या किती, सगळे लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. उदासीवरची गोळी लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, आपला माणूस चौथ्या दिवशी "गुण नाही" म्हणून फेकून देतो. त्याला समजावणारा काउंटरवर आपलाच पोरगा असला, तर? मात्र एक सांगून ठेवतो. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात भाड्याने टांगून घरी बसायचे, हा धंदा करू नका. तो बेकायदा आहे आणि पाहिलेच तर दुसरे शीलही त्यात जाते.

नर्सिंग केलेल्या मुलींना मनोरुग्ण परिचर्येचे पुढचे शिक्षण आहे. येरवड्याचे मनोरुग्णालय २५४० खाटांचे. ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथेही सरकारी मनोरुग्णालये आहेत. लॅब टेक्निशियनलाही इथे काम आहे. लिथियम नावाच्या औषधाचे रक्तातले प्रमाण थोडे वाढले तरी विषबाधा होते, म्हणून रक्त वरचेवर तपासावे लागते.

बी.फार्म चार वर्षांचे. त्यानंतर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन औषध निरीक्षक होता येते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात आणि कंपन्यांच्या तशा विभागांत माणसे लागतात. पुढे जीपॅट परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत एम.फार्म, मग पीएच.डी. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. नव्या औषधांच्या चाचण्या माणसांवर होतात, तिथेही नोकऱ्या आहेत. चाचणीला येणारा माणूस पुष्कळदा गरीब असतो आणि संमतीपत्र त्याला वाचता येत नाही. ते त्याच्या भाषेत सांगणारा, "नको वाटले तर नाही म्हण" असे बजावणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला हवा. तो आपल्यातला का असू नये?

एमबीबीएसनंतर एम.डी. हा राजमार्ग सर्वांना माहीतच आहे, त्यावर वेळ घेत नाही. मानसशास्त्र घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांत "थेरपिस्ट" करून देणाऱ्या क्लासवाल्यांना पैसे देऊ नका. आरसीआयची मान्यता आहे का, हे आधी विचारा.

पैशाचे काय, असे आयाबाया विचारतील. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. पीएच.डी.ला पुण्याच्या बार्टीची फेलोशिप आहे. १९९० साली केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केल्यापासून बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळतात. पण यातले पुष्कळसे कागदावर अडते. जात पडताळणीचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी मागतात आणि ते आठ दिवसांत होत नाही. त्यासाठी १९५० च्या आधीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जे मिळेल ते आत्तापासून शोधा. अकरावीतल्या मुलांनी येत्या रविवारी वंदनेनंतर कागद घेऊन विहारात थांबावे. अर्ज भरायला मी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!