क्लाऊडची वीज

मोबाइलवर काढलेला फोटो 'क्लाऊड'मध्ये गेला, असे आपण सहज म्हणून जातो. क्लाऊड म्हणजे ढग. पण हा ढग आभाळात नसतो बरे का! तो जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींत असतो. आत लोखंडी चौकटींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात ती आहेत. 2024 साली जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी घेतली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे.

एवढी वीज जाते कुठे? संगणक जी वीज घेतो तिची अखेर उष्णताच होते. ती बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागते. फिनलंडमधील हामिना येथे गूगल कंपनीने 2009 मध्ये कागदाची एक जुनी गिरणी विकत घेतली. गिरणीसाठी खडकातून काढलेल्या बोगद्याने समुद्राचे गार पाणी आत येते, यंत्रांची उष्णता घेते, आणि थोडे निववून परत समुद्रात सोडले जाते. युक्ती नामी खरी. पण आपल्या ठाण्याच्या खाडीचे पाणी काही तसे गार नाही!

दुसरी गळती अधिक लाजिरवाणी. पुष्कळ संगणक नुसते बसून असतात, आणि बसल्या बसल्याही भर कामाच्या निम्मी वीज खात, असे 2007 मध्ये गूगलच्याच अभियंत्यांनी लिहिले होते. विहीर आटली तरी पंप चालूच ठेवावा, तसेच हे. मग एकाच यंत्रावर अनेकांची कामे बसवण्यात आली. 2010 ते 2018 या काळात कामाचा पसारा साडेसहापट झाला, पण वीज लागली सुमारे 6 टक्केच जास्त! पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे आली आणि वाढ या काटकसरीला पुरून उरू लागली.

आता राहिला प्रश्न कार्बनचा. तो नुसत्या युनिटांवर ठरत नाही. ती वीज कोळशाची की उन्हाची, यावर ठरतो. बँकेचा व्यवहार थांबू शकत नाही, हे मान्य. पण जुन्या फोटोंची वर्गवारी दुपारी केली तर काय बिघडते? गूगलने 2020 मध्ये असा प्रयोग सुरू केला: थांबू शकणारी कामे ऊन-वारा भरपूर असलेल्या तासांकडे सरकवायची. आपला शेतकरी वर्षानुवर्षे विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पंपावर जात आला आहे. मग यंत्राने थोडे थांबायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र गुरुजींनी वर्गात जरूर फोडून सांगावी. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच सौर वीज विकत घेतली, म्हणजे कंपनी आपला हिशेब चुकता झाला असे सांगू शकते. पण सौर वीज दुपारी तयार होते, आणि संगणक रात्री दोन वाजताही चालू असतो. त्या वेळी महाराष्ट्रात वीज येते ती मुख्यतः कोळशाच्या भट्टीतून. म्हणून हिशेब वर्षाचा न मागता तासातासाचा मागायला हवा.