ख्रिसी वेलिंग्टन आणि कोनाची शर्यत
पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे सलग करावयाच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या आयर्नमॅन या दीर्घ प्रकारात ही अंतरे अनुक्रमे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर असतात. नेपाळमध्ये विकासकार्य करताना डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्या ब्रिटनच्या ख्रिसी वेलिंग्टन यांनी २००७ मध्ये, व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिल्याच वर्षी, हवाईतील कोना येथील जागतिक विजेतेपद मिळवले. २००८ मध्ये तेथेच त्यांचे चाक पंक्चर झाले आणि हवा भरण्यासाठी जवळ असलेली कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वाया गेली, तेव्हा प्रतिस्पर्धी रेबेका कीट यांनी स्वतःचे नळकांडे दिले, म्हणूनच वेलिंग्टन यांना विजेतेपद राखता आले. ही खिलाडूवृत्ती विजयाइतकीच मोलाची मानावी लागते. सायकल अपघाताच्या जखमा ताज्या असतानाही २०११ मध्ये त्यांनी कोनातील चौथे विजेतेपद पटकावले.