परमुलखातील विद्यार्थी
(ज्ञातिमंडळाच्या झरी जामणी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत मुलामुलींचा सत्कार आताच झाला. यांतील बरीच मुले आता वणी, यवतमाळ, नागपूर, पुणे येथे शिकावयास जातील. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले शाळामास्तर. महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. तथापि आमच्या हाताखालून गेलेली मुले सुट्टीत येऊन जे सांगत, त्यावरून सुचलेले दोन विचार मांडतो.

परमुलखात, परधर्मीयांत एकट्याने शिकणे किती कठीण, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. मिशनरी मंडळींकडून मदत मिळावयाची तर धर्मांतराची अट होती. ती त्यांनी मानली नाही. हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे 1883 साली श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात सांगून त्या अमेरिकेस गेल्या. तेथे न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले, आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला नाही. थंडी व आहार यांनी प्रकृती ढासळली, तरी 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्यांच्या निश्चयाचा आपण गौरव करतो, तो योग्यच आहे. परंतु परक्या मुलीला दार उघडणाऱ्या त्या ख्रिस्ती गृहिणीचे स्मरण आपण किती वेळा करतो?

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान हुतात्मा झाले; त्यांत दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. दुःख घरचे होते. पण त्याच महिन्यात यवतमाळ शहरात शिकणाऱ्या काही काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली व तिची चित्रफीत देशभर फिरली. 22 फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाला काश्मिरींच्या संरक्षणाविषयी राज्यांना आदेश द्यावे लागले. आईबापांनी विश्वासाने शेकडो कोस दूर धाडलेल्या त्या मुलांचा अपराध कोणता? उद्या आपला मुलगा परप्रांतात असता त्याच्या गावाच्या किंवा धर्माच्या नावाने कोणी त्याच्यावर हात टाकला, तर आपणांस काय वाटेल?

आमचा तालुका सीमेवरचा. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. येथे मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, कोलामी कानी पडते. निराळ्या बोलीचे व निराळ्या आचाराचे भय निदान आपणांस तरी नसावे.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना वसतिगृहाचे महत्त्व शाहू छत्रपतींनी शिकविले. कोल्हापुरात 1901 पासून त्यांच्या आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली; त्यांत 1906 चे मुसलमान विद्यार्थ्यांचेही होते. पुस्तकाआधी निवारा व दोन घास लागतात, हे त्या राजाने ओळखले होते.

म्हणून ज्यांची घरे वणी-यवतमाळला आहेत, त्यांना आमची विनंती आहे. खोली रिकामी असता केवळ आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असे सांगू नये. भाडे घ्यावे, शिस्त लावावी, पण दार लावू नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गात एखादा मुलगा सणाच्या दिवशी एकटाच खोलीत बसलेला दिसला, तर त्याच्याकडे जा. त्याच्या ताटातले तुम्हांस चालत नसेल, तर खाऊ नका. त्याच्याजवळ बसावयास मात्र कोणताही धर्म आड येत नाही. स्वतःचा आचार सोडू नका, दुसऱ्याला त्याचा सोडावयास लावू नका.