चाकरी आणि सेवा

(वर्षावासानिमित्त जुन्नर येथे दिलेले व्याख्यान)



दीक्षा घेतली, आता पुढे काय, असे नवदीक्षित कुटुंबांतील तरुण मला वारंवार विचारतात. देव गेले, नवस गेले, उपासतापास गेले. मग आयुष्य जगावयाचे ते कशासाठी? माझे उत्तर एका शब्दाचे आहे आणि तो शब्द आपल्यापुढे उच्चारताना मला संकोच वाटतो. तो शब्द म्हणजे सेवा.

संकोचाचे कारण उघड आहे. सेवा हाच तुमचा धर्म, असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके बजाविले गेले. वेशीची राखण करावी, सांगावा घेऊन परगावी धावावे, मेलेली ढोरे ओढावी, आणि त्याबद्दल वतनाचा तुकडा व बलुते घ्यावे. रात्री-अपरात्री हाक आली की उठावयाचे. आपण नसलो तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. जी नाकारता येत नाही ती सेवा नव्हे, चाकरी होय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

तरीही बाबासाहेबांनी सेवा हा शब्द टाकून दिला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे की, भगवंतांनी भिक्खू निर्माण केला तो एक परिपूर्ण मनुष्य घडविण्यासाठी की लोकांचा सेवक घडविण्यासाठी? भिक्खू जर केवळ स्वतःच्या पूर्णतेत गढलेला असेल, तर धम्माच्या प्रसारास त्याचा काय उपयोग? अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही कथा आपण जाणताच. त्यांना ते करण्यास कोणी भाग पाडले नव्हते.

याची साक्ष पाहावयास दूर जावे लागत नाही. या गावाभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख सांगतात की, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. परदेशी माणसाने खडकात पाणी साठवून ते दुसऱ्यांसाठी मोकळे केले, आणि याच देशात १९२७ साली महाडला आपल्या माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला! मी लेण्यांत जातो तेव्हा मूर्तींपेक्षा त्या टाक्यांपाशी अधिक वेळ थांबतो.

आता आजची गोष्ट. आंबेगाव तालुक्यातील एका भगिनीच्या मुलीचा प्रवेश जातीच्या दाखल्यावाचून अडला होता. शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढेच लिहिलेले. एका कचेरीने कागद तीनदा परत केले. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला आहे. परंतु मूळ जातीचा जुना पुरावा द्यावा लागतो, आणि मुलीचे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. “वकीलसाहेब, दीक्षा घेतली हेच चुकलं का हो?” असे त्या माउलीने मला विचारले. एवढे कठीण वाक्य मी न्यायालयातही ऐकलेले नाही.

अर्ज कसा लिहावा एवढेच मी सांगितले. (बाररूममध्ये यालाही फी घ्यावी असे म्हणतात, म्हणोत.) खरे काम केले ते त्यांच्या गावच्या एका तरुणाने. कारखान्यातून दोन दिवसांची बिनपगारी रजा काढून तो तहसील कचेरीतील जुन्या कोतवाल बुकांपाशी बसला. नोंदी मोडीत होत्या. त्या वाचून दिल्या एका निवृत्त गुरुजींनी, आणि ते आपल्या समाजाचे नव्हेत. आजोबांच्या जन्माची नोंद जातीसह सापडली. मुलीला दाखला मिळाला.

आयुष्य कशासाठी, हे मला याच तरुणाने पूर्वी विचारले होते. आता भेटला की तो विचारतो, “साहेब, आणखी कुणाचे कागद अडलेत का?”

अडलेले पुष्कळ आहेत. पुढील रविवारी सकाळी दहा वाजता मी विहारात बसणार आहे. ज्यांचे दाखले किंवा वतनजमिनीचे सातबारा अडले असतील त्यांनी मिळतील ते जुने कागद आणावेत. आणि ज्या मुलामुलींना लिहितावाचता येते त्यांनी रिकाम्या हाताने न येता एक वही व पेन आणावे.