युरियाच्या पोत्यातला वायू

(भूम येथील बैठकीत केलेले भाषण)



बालाघाटच्या माथ्यावर बसून समुद्रातल्या जहाजांच्या गोष्टी कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्या ओसरीवरच्या युरियाच्या पोत्याची वाट तिथूनच येते.

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा नत्राच्या मात्रा पाठ केल्या. नत्र कशाने बांधतात याचा हिशेब केला नाही. नत्र हवेत फुकट आहे. ते बांधायला हायड्रोजन लागतो आणि आपले कारखाने तो नैसर्गिक वायूतून काढतात. देशातला वायू पुरत नाही, म्हणून कतारसारख्या देशांतून आणावा लागतो. उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की वायू पाण्यासारखा पातळ होतो, सहाशे घागरींचा ऐवज एका घागरीत मावतो. जहाजाने तो गुजरातेत दहेजला, कोकणात दाभोळला उतरतो. तिथे पुन्हा वायू होऊन नळाने पुढे जातो.

दाभोळ आठवते ना? 1993 साली वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार भराच. हिशेब डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. 1999 मध्ये वीज सुरू झाली, तीही नाफ्थ्यावर. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे निघाले. वायूचे पहिले जहाज तिथे लागले ते 2013 मध्ये!

फेब्रुवारी 2024 मध्ये पेट्रोनेटने कतारशी नवा करार केला: 2028 पासून 20 वर्षे, वर्षाला 75 लाख टन. दीर्घ करारांना आमचा विरोध नाही. पण वायू विकणाऱ्याला वीस वर्षांचे गिऱ्हाईक, आणि आमचा कापूस? मार्च 2012 मध्ये एका आदेशाने त्याची निर्यात बंद झाली होती!

2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि वायूचे भाव भडकले. पोत्याची किंमत तीच राहिली; वाढीव खर्च सरकारने कारखान्यांना दिला. वहीत मात्र तो शेतकऱ्याच्या नावावर चढला. आमची मागणी साधी आहे: त्यातले वायूचे बिल किती, ते वेगळे दाखवा.

आणि आपण काय करायचे? युरिया ओल पाहून, हप्त्याने द्या. कपाशीत तुरीच्या ओळी घ्या, ज्वारीच्या रानात हरभऱ्याची फेरपालट करा. त्यांच्या मुळांवरच्या गाठीही नत्रच बांधतात. त्यांना जहाज लागत नाही, डॉलरही लागत नाही.