पोलादाच्या गांवचें क्रीडोद्यान

माणसें करमणुकीसाठीं वाहनांत बसतात, ही रोजची गोष्ट आहे. परंतु वाहनांत माणसें बसावीं म्हणून करमणूक निर्माण करण्यांत आली, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराजवळच्या केनीवुड या क्रीडोद्यानाचा जन्म असाच झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील शहरोशहरीं विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या. कामाच्या दिवशीं मजूर, कारकून व दुकानदार यांनीं त्या भरून जात. रविवारीं मात्र बहुतेक आसनें रिकामीं राहात. रूळ, तारा आणि वीज यांचा खर्च तर सुटीच्या दिवशींही चुकत नसे. तेव्हां कंपन्यांनीं एक तोड काढली. शहराबाहेर, आपल्याच मार्गावर, एखादी रम्य जागा पाहून तेथें बाग, नृत्यगृह व नौकाविहार यांची सोय केली, म्हणजे लोक आपण होऊन तिकीट काढतील! अशीं उद्यानें त्या देशांत शेंकड्यांनीं निघालीं; आज त्यांतलीं फारच थोडीं उरलीं आहेत.

मोनोंगहेला नदीच्या उंच कांठावर केनी नांवाच्या कुटुंबाची राई होती. तेथें लोक पूर्वीपासून वनभोजनास जात. मोनोंगहेला स्ट्रीट रेल्वे कंपनीनें १८९८ सालीं हीच जागा निवडली. पुढें १९०६ सालीं अँड्र्यू मॅकस्विगन व फ्रेडरिक हेनिंगर यांनीं उद्यान भाडेपट्ट्यानें घेतलें, आणि तेव्हांपासून सुमारें शंभर वर्षें त्याचा कारभार याच दोन घराण्यांकडे राहिला.

जागा रम्य खरी, पण सपाट नव्हती. मधूनमधून खोल घळी होत्या. शेतकऱ्यानें अशा जमिनीस नांवें ठेविलीं असतीं. जॉन मिलर या कसबी रचनाकारास मात्र तींत धन दिसलें. चढउताराच्या रुळांवरून वेगानें धांवणाऱ्या गाडीस, म्हणजे रोलर कोस्टरला, उंची लागते. ती लांकडी मनोऱ्यांनीं उभारण्यापेक्षां घळींत उतरून मिळविली तर खर्चही वांचतो आणि पुढचा उतार उतारूंच्या दृष्टीआड राहून त्यांची छातीही अधिक धडधडते. १९२० सालीं मिलरनें येथें ‘जॅक रॅबिट’ हा लांकडी कोस्टर रचला. त्याचा मोठा उतार सुमारें सत्तर फुटांचा असून त्यांत दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी उतरून गाडी क्षणभर सपाट होते व लगेच दुसरी उतरते. त्या क्षणीं उतारू आसनावरून उचलला जातो. तरीही गाडी रूळ सोडीत नाहीं, कारण रुळाच्या वरच्या अंगास जशीं चाकें, तशींच खालच्या अंगासही चाकें बसविलेलीं असतात. ही युक्ति मिलरचीच होय. भीति पूर्ण वाटावी, पण धोका जवळजवळ नसावा, हें या सगळ्या कलेचें मर्म तिच्यांत आहे.

त्याच वर्षीं, २ नोव्हेंबर १९२० रोजीं, नदीपलीकडे कांहीं मैलांवरील ईस्ट पिट्सबर्ग येथून केडीकेए या नभोवाणी केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले. नभोवाणीच्या इतिहासांतील ही संस्मरणीय रात्र आणि जॅक रॅबिटची पहिली धांव एकाच वर्षाचीं, एकाच खोऱ्यांतलीं.

१९२७ सालीं मिलरनें ‘रेसर’ उभारला. त्यांत दोन गाड्या शेजारीं शेजारीं शर्यतीनें निघतात. पण डावीकडून निघालेली गाडी परततांना उजवीकडे येते. पाहाणारा चक्रावतो. उलगडा सोपा आहे: दिसावयास रूळ दोन असले तरी ती एकच अखंड वाट आहे, आणि प्रत्येक गाडी एका फेरींत तिचा अर्धाच भाग चालते. त्याच सुमारास येथें आलेलें डेंट्झेलच्या कारखान्यांतील मेरी-गो-राउंड मूळचें फिलाडेल्फियाच्या १९२६ च्या प्रदर्शनासाठीं होतें. तें वेळेवर तयार झालें नाहीं आणि केनीवुडचें भाग्य उघडलें. त्यावरील कोरीव घोड्यांच्या ताफ्यांत एक सिंह व एक वाघही आहे. १९३६ च्या ‘नोहाच्या तारवां’त तर जमीनच डोलते.

या उद्यानासमोर, नदीच्या पैलतीरीं, एडगर टॉमसन पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. कार्नेजी यांनीं १८७५ सालीं सुरू केलेला हा कारखाना अद्याप चालू आहे. भट्टीसमोर आठवडाभर भाजून निघालेला मजूर याच नदीच्या ऐलतीरीं मुलांना घेऊन येई. युरोपांतून आलेल्या स्लोव्हाक, क्रोएशियन, इटालियन अशा समाजांनीं येथें आपापले मेळाव्याचे दिवस ठरविले. शाळांच्या वार्षिक सहली येथेंच येऊं लागल्या. आजोबा ज्या गाडींत किंचाळले, तिच्यांतच नातू किंचाळूं लागला.

आणि मग काळ फिरला. उद्यानाला जन्म देणारी ट्राम बंद पडली. १९८६ सालीं जवळच्या होमस्टेड गांवचा प्रचंड पोलाद कारखानाही बंद झाला. हजारों संसार उघड्यावर आले. तीन वर्षांनीं त्याच नदीकांठीं, जेथें रेल्वेचे डबे उभे राहात तेथें, केनीवुडच्या चालकांनीं ‘सँडकॅसल’ नांवाचें जलक्रीडोद्यान उघडलें. करमणुकीनें पोलादाची जागा घेतली असें म्हणणें सोपें आहे. परंतु घसरगुंडीवरील उन्हाळी नोकरीनें भट्टीवरील पगाराची भरपाई होत नसते, हें त्या गांवांइतकें कोणास ठाऊक असणार?

केनीवुड मात्र टिकलें. १९८७ सालीं त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. २००१ सालच्या ‘फँटम्स रिव्हेंज’ या पोलादी कोस्टरचा चढ १६० फुटांचा, पण मोठी उडी दोनशें फुटांहून खोल. कारण तीही जुन्या लांकडी ‘थंडरबोल्ट’च्या सांगाड्यांतून त्याच घळींत उतरते. २००७ सालीं दोन्ही घराण्यांनीं उद्यान एका स्पॅनिश कंपनीस विकण्याचें ठरविलें आणि २०२५ सालीं तें पुनः अमेरिकन मालकीचें झालें.

मालक बदलले, जॅक रॅबिट त्याच घळींत उतरत राहिला. ज्या ट्रामसाठीं हें सारें मांडलें, ती मुख्य वस्तु नाहींशी झाली, आणि तिची केवळ जोड म्हणून काढलेली वस्तु शतकाहून अधिक जगली. कंपनीनें हिशेब तिकिटांचा केला होता. लोकांनीं मात्र तेथें आपल्या आठवणी गुंतविल्या, आणि ती ठेव अधिक टिकाऊ ठरली.