मनोरा नसलेल्या विमानतळावरील शिस्त



विमानतळ म्हटला की उंच मनोरा व तेथून सूचना देणारा नियंत्रक डोळ्यांपुढे येतो. परंतु अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ असून त्यांपैकी सुमारे ५०० ठिकाणीच असा मनोरा आहे. इतरत्र, शिकाऊ वैमानिकांची ये-जा असतानाही, टक्कर टाळण्याची जबाबदारी वैमानिकांवरच असते.

त्यांचा पहिला आधार ठरलेल्या मार्गाचा. धावपट्टीलगत, जमिनीपासून सामान्यतः १,००० फुटांवर, आयताकृती फेरी घ्यावयाची. वळणे बहुधा डावीकडे. दुसरा आधार रेडिओचा. एकाच ठराविक फ्रिक्वेन्सीवर प्रत्येकाने आपले स्थान व पुढील हेतू सांगावयाचा. मात्र तेवढ्याने भागत नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एक लहान सेस्ना १५२ विमान फेऱ्या घेत होते. दोन इंजिनांचे सेस्ना ३४० दूरवरून सरळ, अतिशय वेगाने उतरावयास आले. दोघेही रेडिओवर बोलत होते. तरीही टक्कर होऊन ३ जणांचा अंत झाला.

म्हणून तिसरा आधार डोळ्यांचा. ताशी १८५ किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने आपसांतील एक किलोमीटर अंतर दहा सेकंदांच्या आत संपवितात. दुसरे विमान काचेत एकाच जागी स्थिर राहून केवळ मोठे होत असेल, तर ते आपल्यावरच येत आहे असे समजून तत्काळ दिशा बदलावी. ज्या विमानाचे पंख वरच्या बाजूस असतात, त्याचा खाली झुकलेला पंख वळणाची बाजू झाकतो. म्हणून वळण्यापूर्वी तो किंचित उचलून पाहावे. उतरताना खालच्या विमानास अग्रक्रम असतो. परंतु त्याचा लाभ घेऊन कोणी दुसऱ्यापुढे घुसू नये. शंका येताच उतरणे सोडून पुन्हा फेरी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

८ जुलै २०२५ रोजी कॅनडातील स्टाइनबाकजवळ दोन शिकाऊ वैमानिकांची विमाने उतरण्याच्या सरावात एकमेकांवर आदळून दोघेही मृत्यू पावले. त्यांतील एक तरुण केरळचा होता. आपल्याकडील मुलेही अशा शिक्षणासाठी परदेशी जातात. शिक्षकांनी व पालकांनी त्यांस एवढे अवश्य सांगावे, की मनोरा नसेल तेथे प्रत्येक वैमानिकाने स्वतःच मनोऱ्याचे काम करावयाचे असते.